काम टाळलं जातंय, कारण भीती वाटते? मग हे करून बघा

सकाळी मेल येतो, सब्जेक्टमध्ये नुसतं 'पेंडिंग रिकन्सिलिएशन' (म्हणजे राहिलेली हिशेबाची जुळवणी) दिसतं आणि तेवढ्यानेच पोटात गोळा येतो, म्हणून उघडायचा नाही, उद्या शांत डोक्याने बघू. उद्या त्याच्यावर रिमाइंडर येतो. मग सरांचा मिस्ड कॉल, मग ऑफिसच्या ग्रुपवर नाव टॅग होतं आणि फोन उलटा करून ठेवला जातो, आणि मग एक दिवस बोरिवलीला प्लॅटफॉर्मवर उभं राहून चर्चगेट फास्ट सोडून दिली जाते आणि 'आज ताप आहे' असा मेसेज जातो. काही जण तर डबा घेऊन रोजच्या वेळेला घरातून निघतात, दादरला उतरतात, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून दुपारी तोच डबा खातात आणि संध्याकाळी नेहमीच्या वेळेला घरी. घरी कोणाला पत्ता नसतो.

हे ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. पहिलं म्हणजे स्वतःला आळशी म्हणणं बंद करा. आळशी माणूस काम टाळून निवांत झोपतो, तुम्ही काम टाळून रात्री दोन वाजता पंख्याकडे बघत पडलेले असता.

हे होतं कसं ते आधी समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं पटतं. मेल न उघडता लॅपटॉप बंद केला की त्या क्षणी खरंच हायसं वाटतं ना? तेच हायसं वाटणं घात करतं. मेंदू शिकतो की मेल बंद केला म्हणून वाचलो, पुढच्या वेळी भीती जास्त जोरात येते आणि आपण आणखी लवकर पळतो. ओ. एच. मॉवरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ सालीच हे मांडलं होतं की भीती एकदा बसली की टाळल्यावर मिळणारा आराम तिला जिवंत ठेवतो. आणि मेल उघडलाच नाही तर त्यात फक्त दोन ओळी होत्या हे कळायला मार्गच राहत नाही. म्हणून 'आधी भीती जाऊ दे मग काम करतो' हे उलटं आहे, भीती असतानाच कामाला थोडा हात लावायचा, ती नंतर कमी होते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एक कागद घ्या आणि नेमकं काय टाळतोय ते लिहा. 'ऑफिस' असं लिहू नका, 'जीएसटीचं काम' असंही नको. आमच्या अकाउंट्सच्या लाइनचं उदाहरण सांगते. महिन्याच्या २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचंय, १४ तारखेला २बी, म्हणजे व्हेंडरनी (माल देणाऱ्यांनी) दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी आलीये, आणि त्यात एका व्हेंडरची बिलं दिसतच नाहीयेत. बाकी सगळं काम येतं, रोजचं आहे, पण त्या व्हेंडरला फोन करायचा आणि तो वाकडं बोलणार, एवढाच एक खिळा आहे ज्याच्यामुळे अख्खी फाइल उघडली जात नाही. खोदत गेलात की बहुतेकांचा खिळा असाच छोटा निघतो, एखादा फोन, एखादा न जुळणारा आकडा, किंवा 'मला हे येत नाही' हे सांगण्याची लाज.

भीतीला आकडा लावता येत असेल तर लावा. ३बी उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, भरायच्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. वाईट आहे, पण कॅल्क्युलेटरवर बसतं, आणि बसलं की छातीवरचं ओझं थोडं उतरतं. डोक्यात मात्र 'सगळं संपलं, नोकरी गेली, लोन कसं फेडू' असंच फिरत असतं.

मग तुकडा पाडा, आणि इतका छोटा पाडा की विचित्र वाटलं पाहिजे. पहिल्या दिवशी फक्त मेल उघडून वाचायचा, उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी फाइल उघडून कुठपर्यंत झालंय ते बघायचं. तिसऱ्या दिवशी व्हेंडरला काय बोलायचं ते दोन ओळीत लिहायचं, मग फोन. आणि हे कधी करणार ते आधीच एखाद्या रोजच्या गोष्टीला बांधून टाका, 'लॉगिन झालं की चहाला उठायच्या आधी तो मेल उघडणार'. 'अमुक झालं की तमुक करणार' असं ठरवलेलं काम नुसत्या 'करायला पाहिजे'पेक्षा जास्त वेळा होतं, पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, १९९९ चा त्याचा लेख प्रसिद्ध आहे.

एक गोष्ट मात्र पाळाच. मेल उघडला, धडधड सुरू झाली, हात गार पडले, तर अगदी त्याच क्षणी बंद करू नका, कारण मग मेंदूने परत तेच शिकलं. पाय जमिनीला टेकवा, श्वास चार आकडे मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, असं काही वेळा करा आणि स्क्रीनसमोर बसून राहा. लाट चढते तशी थोड्या वेळाने बऱ्याचदा उतरतेही. पूर्ण नाही उतरली तरी चालेल, ती सगळ्यात वर असताना पळालो नाही एवढं पुरे.

टाळणं वेष बदलून येतं तेही ओळखायला शिका. एक्सेलमध्ये रंग भरत बसणं, दुसऱ्याच्या कामात हौसेने मदत करणं, ड्रॉवर साफ करणं, नवीन टू-डू अ‍ॅप टाकून त्यात सगळं लिहून काढणं, 'आधी एक कोर्स करतो मग हे रिपोर्टचं बघतो'. दिवसभर हातात काम असतं म्हणून आपल्यालाही वाटतं की चाललंय. माझं सरळ मत आहे की या काळात नवीन अ‍ॅप घेऊच नका, कागदावर एका दिवसाला एकच टाळलेलं काम लिहा आणि बास.

आता सगळ्यात अवघड भाग. काही दिवस गेले की भीती कामाची राहतच नाही, ती 'इतके दिवस कुठे होतास' या एका प्रश्नाची होते. काम तेवढंच असतं, पण गप्प बसण्यावर रोज व्याज चढत जातं. म्हणून काम पूर्ण करून मगच तोंड दाखवू हा विचार सोडा, आधी मेसेज करा, अर्धवट कामासकट. लोक इथेच अडकतात, म्हणून मेसेजच लिहून देते:

'सर, एप्रिलचं रिकन्सिलिएशन वेळेत दिलं नाही आणि तुमच्या मेलना उत्तरही दिलं नाही, चुकलं माझं. सध्या बँकेचा भाग झालाय, व्हेंडरचा बाकी आहे. बँकेची शीट आज पाच वाजेपर्यंत पाठवतो. व्हेंडरच्या तीन एंट्रीत अडकलोय, त्यासाठी उद्या दहा मिनिटं मिळतील का?'

यात काय आहे बघा. एकदाच माफी, जे झालंय ते, जे राहिलंय ते, आज मिळेल असा एक तुकडा आणि एक मदत. काय नाही तेही बघा: आजारपणाची गोष्ट नाही, आजीला अ‍ॅडमिट केलेलं नाही, आणि 'आज रात्रीत सगळं संपवतो' असं वचन नाही. खोटं कारण दिलं की ते लक्षात ठेवावं लागतं आणि पुढच्या वेळी त्याचीही भीती वाटते. मोठं वचन तर त्याहून वाईट, ते मोडलं की परत गप्प बसणं सुरू.

मेसेज सकाळी अकराच्या आसपास पाठवा, शुक्रवारी संध्याकाळी नको, नाहीतर शनिवार-रविवार जळत जातो. धीर होत नसेल तर शेजारच्या डेस्कवरच्या विश्वासातल्या माणसाला वाचायला द्या आणि त्याच्यासमोर सेंड दाबा. मग निळी टिक बघत बसू नका, फोन ड्रॉवरमध्ये टाकून तो पाच वाजताचा तुकडा करायला घ्या. सर चिडले तर? चिडतीलही. तेव्हा 'हो सर, उशीर झालाय, पाचला शीट देतो' एवढंच बोलायचं, खुलासे द्यायचे नाहीत.

इनबॉक्समध्ये तीनशे मेल साचले असतील तर तारखेने खालून वर येऊ नका, जीव जाईल. माणसाच्या नावाने सर्च करा, आधी तुमचे सर किंवा मॅडम, मग ज्याचं काम अडलंय तो क्लायंट, आणि प्रत्येक थ्रेडमधला फक्त शेवटचा मेल वाचा. बाकीचे 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ढकला. ज्याला खरंच गरज आहे तो परत लिहितो.

घरात निदान एका माणसाला खरं सांगा. आणि घरच्यांनो, 'एवढं काय त्यात, आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे वाक्य तोंडातून काढू नका. पण त्याच्या वतीने ऑफिसला फोन करून 'आज त्याला बरं नाही' असंही कळवू नका, प्रेमापोटी केलेली ती मदत टाळण्यालाच खतपाणी घालते. तो मेल उघडताना शेजारी खुर्ची टाकून गप्प बसा, यासारखी मदत नाही.

चहा-कॉफीबद्दल थोडक्यात: दिवसाला पाच-सहा कप होत असतील तर कमी करा, कॅफिनने धडधड वाढते आणि ती भीतीचीच वाटते. आणि ऑफिसात खरोखर शिवीगाळ होत असेल किंवा तीन माणसांचं काम एकावर टाकलं असेल तर तिथे तुमची भीती बरोबरच सांगतेय, मेल जपून ठेवा आणि दुसरी नोकरी शोधायला लागा.

काही आठवडे असंच चाललंय, रोज निघायच्या आधी उलटी होते, गाडीत जीव घाबरा होतो, झोपेसाठी दारू लागायला लागलीये, तर हे एकट्याने ओढू नका. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन आणि जुहूचं कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. थायरॉइडची तपासणी करायची का तेही विचारा, कारण ते वाढलं तरी छाती धडधडते आणि बेचैनी होते. गोळ्या सुरू झाल्या तर बऱ्याचशा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत काही नाही म्हणून स्वतःच्या मनाने सोडू नका. सीबीटी नावाचं, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन मिळालं तर उत्तम, वर लिहिलेलं बरंचसं त्यातलंच आहे, फक्त तिथे कोणीतरी शिकलेलं माणूस सोबत असतं. मरून जावंसं वाटत असेल तर आजच १४४१६ लावा. ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

ऑफिसला कळेल म्हणून बरेच जण जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं असंही त्यात आहे. तरी ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च मिळतो का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसी फक्त अ‍ॅडमिट झाल्यावरच देतात.

डॉक्टर म्हणाले म्हणून रजा घ्यावीच लागली तर ती तारखेसकट कळवून घ्या, नुसतं गायब होऊ नका. आणि परत जायच्या दिवसाचं पहिलं काम रजेवर जाण्याआधीच लिहून ठेवा, सोपं, दहा मिनिटांत होणारं, माणसाशी बोलायला लागणारच नाही असं.