कुंद्याच्या काचेच्या स्टँडची थाळी दांड्यापासून सुटली होती, ती अशी बसवली

काचेची थाळी, खाली पितळी दांडा, दोन्ही फक्त गोंदाने जोडलेले. भट्टीवरून उतरलेला गरम कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) थेट थाळीत ओतला की पितळ काचेच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. कडक गोंदाला तो ताण सोसत नाही, आणि जोड उघडतो. आधी एपॉक्सीने चिकटवली होती. तीही याच कारणाने निघाली.

म्हणून या वेळी न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे वाळल्यावरही लवचीक राहणारा, आम्ल न सोडणारा गोंद. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातल्या आम्लाने पितळ हिरवं पडतं.

जुना गोंद ब्लेडने खरवडला, दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसले. नंतर तिथे बोट लावायचं नाही, हाताचं तूप राहिलं तर सगळं वाया. थाळी उलटी ठेवून मध्य काढला, मास्किंग टेपने खूण केली. दांड्याच्या ४ सेंमी चकतीवर काठाने सिलिकॉनचं ५ मिमी रुंद कडं ओढलं, एका जागी फट सोडली. पूर्ण चकती भरली तर मधलं सिलिकॉन ओलंच राहतं, कारण ते हवेतल्या दमटपणाने वाळतं, तेही दिवसाला २-३ मिमीच. वाळलेल्या सिलिकॉनचे १ मिमी जाडीचे तीन तुकडे मध्ये ठेवले, म्हणजे थाळीच्या वजनाने सगळा थर बाहेर येत नाही. ३ दिवस हलवलं नाही. बेळगावच्या पावसाळ्यात हे काम उलट सोपं जातं.

कुंदा आता कोमट झाल्यावरच, तोही वाटीतून. गोकाकचा करदंट (गूळ-सुकामेव्याची चिकट मिठाई) चिकटला तर ओढू नका, थाळीत कोमट पाणी घालून सोडवा.