मशीन घ्याच्या आधी डोंग्याची मागची फळी मोजा

दिवाळीनंतर नवा फायबरचा डोंगा गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात टाकाचा हाय अन् वल्हं मारू मारू खांदे गेले म्हणून यंदा मागं पंख्याची मशीन बसवाचं ठरलं, पण घरात सगळे फक्त हॉर्सपावरवरूनच भांडून राह्यले. मी म्हणतो पहिले टेप घेऊन डोंग्यापाशी बसा. मागच्या फळीच्या वरच्या काठापासून बुडापर्यंत मोजाचं, 15 इंचाच्या जवळ आलं तर शॉर्ट शाफ्ट, म्हणजे मशीनचा पाण्यात जाणारा दांडा आखूड, 20 च्या जवळ आलं तर लाँग. माह्या मामेभावानं दुकानदाराच्या बोलण्यावर न मोजता लाँग आणली, मशीन चांगली होती गा, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं का पंखा गाळात, अन् आम्ही दोघं मांडीभर चिखलात उतरून डोंगा ढकलून राह्यलो. पंख्याच्या वर जे आडवी पट्टी असते ते बुडाच्या इंचभर खाली पाह्यजे, वर राह्यली तर पंखा हवा खाते अन् मशीन नुसती बोंबलते.

मंग वजन. रात्री मशीन काठावर ठेवाची हिंमत कोणाची होत नाही, रोज खांद्यावर घरी न्या लागते. 15 हॉर्सपावरची टू-स्ट्रोक 36 किलोच्या आसपास, फोर-स्ट्रोक 50 च्या घरात. आपल्याले जाळं टाकाचं अन् उचलाचं हाय, शर्यत नाही लावाची, म्हणून माहा कौल 5 हॉर्सपावरच्या फोर-स्ट्रोकले, पंचवीसेक किलोत काम होते अन् फुल दाबली तरी तासाले दोनेक लिटर पेट्रोल. टू-स्ट्रोकच घेतली तर कंपनीच्या पुस्तकात पाहून ऑइल मिसळा, 50 ले 1 लिहिलं असन तर 5 लिटरले 100 मिली, अन् ते टीसी-डब्ल्यू 3 वालं, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोकचं, जुन्या स्कूटरचं उरलेलं नाही. बॅटरीवाल्याचं विचारता तर 12 व्होल्टची 55 पाउंड जोर लावणारी फुलवर 50 अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे 100 अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर दोन तास. मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात ठीक, गोसीखुर्दच्या वाऱ्यात भरवसा नाही.

खरी गोष्ट बुडालेल्या झाडाइची हाय. पंखा खुंटाले लागला का बऱ्याच लहान मशीनीत आतली पिन तुटते, ते तुटाले पाह्यजे, म्हणूनच ठेवलेली असते. मी एकदा पिन नव्हती म्हणून लोखंडी खिळा कापून ठोकला, पुढच्या खुंटाले खिळा नाही तुटला, गिअरचे दात गेले. त्याच्यानं डब्यात चार पिना, पाना, पकड, एक स्पार्क प्लग अन् पाणी ओढणारं रबरी चक्र ठेवा, अन् मशीन घेतानाच दुकानदाराले म्हणा का हे चक्र आत्ता काउंटरवर काढून दाखव, "मागवून देतो" म्हणला तर दुसरं दुकान पाहा.

जलकुंभीतून निघालं का मागं वळून पाहाचं, मशीनमधून तिले थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार पडून राह्यली का नाही. धार थांबली तर मशीन लगेच बंद करा, पाणी ओढाची जाळी साफ करा. बंद कराची लाल दोरी मनगटाले बांधा, लाइफ जॅकेट अंगात घाला, बसाले गादी म्हणून नका वापरू. पावसाळ्यात मशीन ठेवाची असन तर टाकी रिकामी करा, कार्बुरेटरमधलं जळू द्या, आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढते. खालचं गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर सील गेलं समजा.

अन् मशीन आली म्हणून जुनं वल्हं चुलीत नका घालू बावा, ते डोंग्यातच राहू द्या.