पैसे जमले, वस्तू कुठाय? क्राउडफंडिंग करणाऱ्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर एक बोर्ड गेम बनवला आणि छपाईसाठी ऑनलाइन मोहीम काढून लोकांकडून पैसे गोळा केले. दीड लाखाचं लक्ष्य होतं, ते एकविसाव्या दिवशी पूर्ण झालं. त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर वडापावची पार्टी झाली आणि पार्टीचे पैसे आम्ही मोहिमेतूनच काढले. हे लिहितानाही कसंतरी होतं. १७० माणसांचं देणं डोक्यावर होतं आणि आम्ही लॉटरी लागल्यासारखे नाचत होतो.

खेळ शेवटी सगळ्यांना पोचला, पण सात महिने उशिरा आणि आमच्या खिशातले ३१ हजार घालून. आता कॉलेजातली ज्युनिअर मंडळी कल्पना घेऊन येतात. कुणाला कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र करायचंय, कुणाला शॉर्टफिल्म. चुका मात्र त्याच त्या.

वर्गणी समजण्याची चूक

लोकवर्गणी आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत ‘पैसा फंड’ उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. १९७६ चा ‘मंथन’ हा सिनेमा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांवर झाला. पण तिथं पैसा देणारा माणूस घरी पार्सल येईल म्हणून दाराकडे बघत बसला नव्हता.

२००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या अमेरिकी क्राउडफंडिंग संकेतस्थळानं जी पद्धत रूढ केली तिच्यात पार्सल येतं. अमुक रक्कम द्या, अमुक वस्तू अमुक महिन्यात मिळेल. व्यवहाराच्या भाषेत ही आगाऊ घेतलेली ऑर्डरच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी वेगळं बँक खातं उघडा. त्यातला रुपया वस्तू बनवणं आणि पोचवणं याखेरीज कशालाही हलणार नाही, हे चौघांनी सही करून लिहून ठेवा. मैत्रीत सही कशाला, असं आम्हीही म्हटलं होतं. पार्टीचा विषय आजही निघतो.

हिशेबाची चूक (बहुतेक मोहिमा इथंच बुडतात)

आमचा खेळ ९०० रुपयांना होता. प्रेसवाल्यानं ३०० प्रतींसाठी एका नगाचा दर सांगितला ४२०. आम्ही मनात म्हटलं, ४८० सुटतात, चैन आहे! आता खरा हिशेब बघा. मोहीम चालवणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन १० टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०६ रुपये. पैसे ऑनलाइन घेण्याचे साधारण २५. बाहेरचा खोका, बबल रॅप, टेप मिळून ४५. कुरिअरचे आम्ही धरले होते ७०, कारण खेळाचं वजन ७०० ग्रॅम भरत होतं.

कुरिअरवाल्यानं खोका काट्यावर ठेवलाच नाही. टेप घेऊन मोजला: ३० बाय ३० बाय ८ सेंटीमीटर. गुणाकार ७,२००, भागिले ५,०००, म्हणजे १.४४ किलो. हलका पण मोठा खोका असेल तर कुरिअर आकारमानावरून वजन धरतात, हे आम्हाला त्या काउंटरवर कळलं. सत्तरचे दीडशे झाले. खोका दोन सेंटीमीटरनं पातळ करायची सूचना सुरुवातीलाच एका मैत्रिणीनं केली होती. “पण दिसायला भारदस्त हवा ना,” असं म्हणून आम्ही ती उडवून लावली.

वाईट भाग अजून पुढेच आहे. आम्हाला ऑर्डर १७० आणि दर मिळाला होता ३०० नगांचा. उरलेल्या १३० प्रतींचे पैसे कोण देणार? लक्ष्य ठरवताना किमान छपाईचा आकडा धरायचा असतो, तो आम्ही धरलाच नव्हता. खिशातले ३१ हजार गेले ते मुख्यतः इथं.

मोठ्यांचंही असंच होतं. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘कूलेस्ट कूलर’ नावाच्या पेटीनं किकस्टार्टरवर १ कोटी ३२ लाख डॉलर जमवले. बर्फाच्या पेटीतच ब्लेंडर, स्पीकर, सगळं काही. ६२ हजारांहून जास्त लोकांनी पैसे लावले. पण एक पेटी बनवून पोचवायचा खर्च घेतलेल्या रकमेत बसेना. अशा वेळी ऑर्डर जितक्या जास्त तितका खड्डा खोल. पुढे कंपनीनं लवकर पेटी हवी असेल तर आणखी ९७ डॉलर भरा असं सांगितलं, तोवर ॲमेझॉनवर मात्र विक्री सुरू होती. लोक किती भडकले असतील, कल्पना करा. २०१९ मध्ये कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे २० हजार लोकांच्या हाती काहीच आलं नव्हतं.

याच पेटीकडून एक चांगली गोष्टही शिकता येते. तिची पहिली मोहीम २०१३ च्या हिवाळ्यात फसली होती. थंडीत बर्फाची पेटी कोण घेणार? तोच माणूस, तशीच कल्पना, पुढच्या उन्हाळ्यात तुफान चालली. कॉलेजचं वेळापत्रक बघून तारीख काढू नका. भेट द्यायची वस्तू असेल तर दिवाळीच्या आधी हातात पडेल असं उलटं मोजत या.

“चालतंय ना टेबलावर!”

एक नग चालतो म्हणजे हजार नग होतील, असं विद्यार्थ्यांना मनापासून वाटतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली डबी भोसरीतल्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याकडे नेऊन बघा. तो पहिल्यांदा डबी उजेडात धरेल आणि विचारेल, “ड्राफ्ट कुठंय?” साच्यातून नग सुटून यायला भिंतींना एक-दोन अंशांचा उतार लागतो, तो नसेल तर नग आतच अडकतो. भिंत कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच असेल तर जाड जागी थंड होताना खड्डा पडतो. आत वळलेली खटकी असेल तर साच्याला सरकता भाग लागतो आणि साच्याची किंमत चढते. साचा लाखांत जातो, तयार व्हायला महिना-दोन महिने जातात, आणि पहिल्या ट्रायलला नग बरोबर निघेल असं धरूच नका. आधी १०० नगांवर भागवायचं असेल तर सिलिकॉन साच्यात ओतलेले नग किंवा चक्क बाजारात मिळणारी तयार डबी वापरा. सुंदर दिसत नाही, पण वेळेवर मिळते.

यंत्रात लिथियम बॅटरी असेल तर ती विमानानं पाठवायला ‘यूएन ३८.३’ या सुरक्षा चाचणीचा अहवाल लागतो. ब्लूटूथ किंवा वायफाय असेल तर भारतात डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याची बिनतारी उपकरणांना मान्यता देणारी शाखा) मान्यता बघावी लागते. आधीच मान्यता असलेलं मॉड्यूल घेतलं तर बरंच काम वाचतं. हे सगळं मोहिमेनंतर कळलं तर तारीख गेलीच म्हणून समजा.

‘पेबल’ घड्याळाचं उदाहरण मला आवडतं, कारण ते अपयशाचं नाही. २०१२ मध्ये त्यांनी एक लाख डॉलर मागितले, ६८,९२९ लोकांनी मिळून १ कोटी २ लाख दिले. कबूल केलेला महिना सप्टेंबर, पहिली घड्याळं निघाली जानेवारी २०१३ मध्ये. हुशार, प्रामाणिक टीम आणि पैसाही भरपूर, तरी चार महिने उशीर. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी अशा मोहिमा तपासल्या तेव्हा वस्तू देणाऱ्या प्रकल्पांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक प्रकल्प उशिरा पोचल्याचं दिसलं. तेव्हा तुम्हाला वाटतो तो महिना कागदावर लिहा आणि लोकांना त्याच्या दुप्पट काळ सांगा.

‘झॅनो’ या छोट्या ड्रोनची कथा जास्त कडू आहे. वेल्समधल्या कंपनीनं १२,०७५ लोकांकडून २३ लाख पौंडांहून जास्त घेतले, जेमतेम सहाशेक ड्रोन पोचवले आणि २०१५ च्या नोव्हेंबरात दिवाळं काढलं. किकस्टार्टरनं एका पत्रकाराला चौकशी करायला सांगितलं. त्याला चैनीत पैसे उडवल्याचं आढळलं नाही, आढळला तो अननुभव. मोहिमेच्या व्हिडिओतला ड्रोन जे करताना दिसत होता ते खऱ्या ड्रोनला जमत नव्हतं. म्हणून व्हिडिओत जे अजून होत नाही ते दाखवू नका. किकस्टार्टर तर यंत्रांच्या बाबतीत संगणकावर रंगवलेली खऱ्यासारखी चित्रं चालवूनच घेत नाही, चालता नमुना मागतं.

भौतिकशास्त्र विसरण्याची चूक

ही पैसे लावणाऱ्यांसाठीही आहे. २०१६ मध्ये इंडीगोगो या किकस्टार्टरसारख्याच संकेतस्थळावर ‘ट्रायटन’ नावाचे कृत्रिम कल्ले आले. तोंडात धरा आणि पाण्याखाली ४५ मिनिटं श्वास घ्या! आठ लाखांहून जास्त डॉलर जमले. आता अकरावीचा हिशेब करा. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात तो विरघळलेला असतो सातेक मिलिग्रॅम. म्हणजे सगळाच्या सगळा शोषला तरी मिनिटाला ५० लिटर, अडीच बादल्या पाणी त्या मुठीएवढ्या नळीतून जायला हवं. पोहताना त्याच्या कितीतरी पट. प्रश्न विचारले जाऊ लागल्यावर लोकांचे पैसे परत करावे लागले.

स्वतःच्या कल्पनेलाही हाच हिशेब लावा. सौर पट्टीवर चालणारं काही करणार असाल तर जुलैतल्या कोकणात ती पट्टी किती वीज देईल, ते मोजून मग आकडा लिहा.

पेटंटआधी व्हिडिओ

शोध खरंच नवा असेल तर मोहीम उघडणं म्हणजे तो जगजाहीर करणं. भारतात एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं. कायद्यातले थोडके अपवाद मोहिमेच्या व्हिडिओला लागू होत नाहीत. उपाय सोपा आहे: आधी पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. व्यक्तीच्या नावानं ऑनलाइन भरला तर सरकारी फी १,६०० रुपये, आणि पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात. हक्क तुमचा की कॉलेजचा, हे अर्जाआधीच विचारा. प्रकल्प कॉलेजच्या लॅबमध्ये झाला असेल तर हा प्रश्न हमखास निघतो.

“माझा मामेभाऊ न्यू जर्सीत आहे”

हे वाक्य मी किमान चारदा ऐकलंय. किकस्टार्टरवर मोहीम उघडायला ज्या देशांची यादी आहे तिच्यात भारत नाही, म्हणून भावाच्या नावानं उघडायची. पण मग पैसे भावाच्या खात्यात, कर भावाच्या डोक्यावर आणि वस्तू नाही पोचली तर लोक विचारणार भावालाच. दादाला हे आधी नीट सांगा आणि मग तो काय म्हणतो ते बघा.

दुसरी कायदेशीर खोड म्हणजे “पैसे द्या, कंपनीत वाटा देतो” असं लिहिणं. असं खुलं आवाहन करून शेअर विकता येत नाहीत. खासगी कंपनीला वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना, तेही ठरावीक पद्धतीनं, देऊ करता येतात आणि अनधिकृत ऑनलाइन मंचांबद्दल सेबीनं (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१६ मध्ये इशाराही दिलाय. वस्तू द्या, तिकीट द्या, श्रेयनामावलीत नाव द्या. वाट्याची भाषा नको.

अडलंय? मग हे बघा

पहिल्या आठवड्यात काहीच हललं नाही, तर बहुतेक वेळा कारण एकच: तुम्ही संकेतस्थळाच्या गर्दीवर भरवसा ठेवलात. गर्दी आधी जमलेल्या गर्दीकडे येते. मोहीम उघडण्याआधी, नावानिशी, पहिल्या दोन दिवसांत पैसे देणारी पन्नास माणसं वहीत लिहिलेली हवीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. एकेकाला फोन करा.

व्हिडिओ बघतात पण देत नाहीत, तर वस्तू हातात घेतलेली दिसतेय का ते तपासा. आमच्या पहिल्या व्हिडिओत सव्वा मिनिट फक्त ड्रोननं टिपलेला राजगड होता. खेळ खेळताना दाखवल्यावर आकडा हलला.

पैसे जमल्यावर खर्च वाढला, तर नव्या सोयी जोडणं आधी थांबवा. रंग कमी करा, खोका साधा करा, आणि काय काय कापलं ते लोकांना सांगा.

आणि उशीर झाला, तर गप्प बसू नका. आमचे बोर्ड जूनमध्ये छापले. सदाशिव पेठेतल्या प्रेसच्या काकांनी बजावलं होतं, “पोरांनो, पावसाळ्यात एकाच बाजूला लॅमिनेशन करू नका, पापडासारखा वळेल बोर्ड.” आम्ही नगामागे नऊ रुपये वाचवले. पंधरा दिवसांत बोर्ड असे वळले की सोंगटी घसरून थेट खाली. काकांनी नुसतं “बरं” म्हटलं आणि मागून कागद डकवायचा दर सांगितला. आम्ही दोन महिने कुणाला काही कळवलं नाही, आणि तेवढ्या काळात ११ जणांनी पैसे परत मागितले. शेवटी वाकलेल्या बोर्डाचा फोटो टाकून खरं काय झालं ते लिहिलं. त्यांच्यातल्या सात जणांनी मागणी मागे घेतली आणि एका आजोबांनी लिहिलं की बोर्ड उलटा करून वर चार दिवस ‘विश्वकोशा’चे खंड ठेवून बघा.