क्युबिटच्या आधी सिग्नल: नांदेडहून ज्युनियर पोरांसाठी

नांदेडला एम.टेक. करताना माझा विषय होता ईसीजीतले बिघडलेले ठोके ओळखणारं न्यूरल नेटवर्क, आणि त्यातला एक थर क्वांटम सर्किटचा, म्हणजे क्युबिट (क्वांटम संगणकातले बिट) वापरणाऱ्या सर्किटचा. आता ज्युनियर पोरं फोन करून विचारतात, "दादा, क्वांटम मेकॅनिक्स किती यायला पाहिजे?" थोडंच. मॅट्रिक्स, संमिश्र संख्या, सॅम्पलिंग (सिग्नलचे ठरावीक वेळानं नमुने घेणं) आणि फूरिए (सिग्नल वारंवारितांत फोडणं) मात्र पक्कं पाहिजे.

खर्चाची काळजी नको. पेनीलेन आणि किस्किट ही क्वांटम सर्किट लिहायची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. सिम्युलेटरवर (साध्या संगणकावर क्वांटमची नक्कल) 20 क्युबिटची अवस्था साठवायला 16 एमबी पुरतात. 30 क्युबिटला मात्र 16 जीबी. म्हणजे साध्या लॅपटॉपवर अभ्यास आरामात होतो. ईसीजीसाठी एमआयटी-बीआयएचचा डेटा घ्या: अर्ध्या तासाची 48 रेकॉर्डिंग, सेकंदाला 360 नमुने. एकाच रुग्णाचे ठोके ट्रेनिंगमध्ये आणि टेस्टमध्येही गेले की अचूकता फुगते. रुग्णांप्रमाणे विभागणी केली नसेल तर तो निकाल मी वाचतसुद्धा नाही.

खरी अडचण डेटा आत घालण्याची. 1024 नमुने 10 क्युबिटच्या अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये (क्वांटम अवस्थेतल्या सहगुणकांत) मावतात, हे ऐकून सगळे हरखतात. पण कुठलाही सिग्नल तसा भरायचा तर साधारण हजाराच्या घरात गेट (क्युबिटवरच्या क्रिया) लागतात. मोंढ्यात काटा मिनिटभरात होतो, दिवस जातो तो रांगेत; तसंच हे. म्हणून मी आधी साध्या थरानं ठोक्याची आठ वैशिष्ट्यं काढायचो आणि प्रत्येकाचा एकेका क्युबिटवर फिरवण्याचा कोन करायचो.

खऱ्या मशीनवर ट्रेनिंग महाग पडतं. पॅरामीटर शिफ्ट या पद्धतीनं ग्रेडियंट (पॅरामीटर कुठं, किती बदलायचा ते सांगणारा उतार) काढताना साधारण प्रत्येक पॅरामीटरमागे सर्किट दोनदा चालवावं लागतं, तेही दर वेळी शेकडो शॉट (मोजमापाच्या फेऱ्या) घेऊन. सर्किट खोल आणि क्युबिट जास्त झाले की ग्रेडियंट जवळजवळ शून्यावर येतो. त्याला बॅरन प्लॅटो म्हणतात. सर्किट उथळच ठेवा.

तेवढ्याच पॅरामीटरचं साधं नेटवर्क शेजारी उभं करा. माझं साधं नेटवर्क क्वांटमवाल्याच्या थोडं पुढेच होतं, आणि प्रबंधात तसंच लिहिलं. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग क्वांटम कशाला?" खर्च नेमका कुठं होतो ते मोजायला, असं उत्तर दिलं. ते चाललं.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या क्वांटमच्या जागा अजून मोजक्या; पोट भरतं ते सिग्नल प्रोसेसिंग आणि मशीन लर्निंगवर. पण एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 6003 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, आणि त्याच महिन्यात आपल्या औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडियाला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, 2600 कोटी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि काम सगळं नॉइजमधून क्षीण सिग्नल शोधण्याचं. तिकडं जायचं असेल तर 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा टिपलेल्या गुरुत्वीय लहरीचा डेटा खुला आहे, तो उतरवून घ्या. आधी मॅच्ड फिल्टर (अपेक्षित लहरीचा साचा डेटाशी जुळवून पाहणं), मग छोटं नेटवर्क, आणि वेळ उरला तर क्युबिट.