चोवीस तासांची बाई की पाळणाघर? ठरवायचं कसं

पहिल्या दोन बाळंतपणांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्यामुळे आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं, वरचं खाणं सुरू होण्याच्या बेतात असतं. शोध त्याच्या दोन महिने आधी सुरू करा. आठ दिवसांवर आल्यावर शोधायला लागलात तर निवड करायला वावच उरत नाही.

पैशांच्या आधी एक प्रश्न सोडवा. दिवसभर घरात बाईखेरीज दुसरं मोठं माणूस असणार आहे का? आजी-आजोबा असतील किंवा दोघांपैकी एकजण घरून काम करत असेल, तर वर्षाच्या आतल्या बाळासाठी घरात राहणारी बाई उत्तम. घरात कोणीच नसेल, तर आमचा कल स्पष्टपणे चांगल्या पाळणाघराकडे आहे. बाईच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा हा प्रश्न नाही. तिला चक्कर आली, ताप भरला, नुसतं बाथरूमला जायचं असलं, तरी बाळाला घ्यायला दुसरे हात नसतात. बोलता न येणाऱ्या बाळाचा दिवस कसा गेला हेही सांगणारं कोणी नसतं.

मग तास मोजा, तेही ऑफिसचे नाही तर दारापासून दारापर्यंतचे. पाळणाघर सात वाजता बंद होतं आणि तुम्ही आठवड्यातून तीनदा साडेसातला पोचता, तर ते तुमच्या उपयोगाचं नाही. फिरत्या शिफ्ट किंवा रात्रपाळी असेल तर घरी राहणारी बाई हाच व्यवहार्य मार्ग. पाळणाघर शक्यतो घराजवळचं घ्या, म्हणजे अडचणीला आजी किंवा शेजारीण बाळाला आणू शकते. अंगावरचं दूध चालू असेल तर मात्र ऑफिसजवळचं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने बंधनकारक झालं आहे. ऑफिसला लेखी विचारा.

खर्चाची तुलना करताना बहुतेकजण पगार आणि फी एवढंच बघतात. समजा बाईचा पगार २०,००० आहे. बाई मिळवून देणाऱ्या ब्युरोचं कमिशन एका पगाराइतकं, दिवाळीचा बोनस एक पगार, हे बारा महिन्यांवर वाटले की दरमहा सुमारे ३,३००. खाण्यापिण्याचे ४,००० धरा. खरा आकडा २७,३०० च्या घरात जातो. पाळणाघराच्या फीमध्ये उशिराचा दंड आणि बाळ आजारी असताना तुमच्या पडणाऱ्या रजा मिळवा. पहिल्या काही महिन्यांत सर्दी-तापाने अशा रजा बऱ्याच पडतात.

बाई ठेवताना

वय १८ पूर्ण हवं. आधार कार्ड बघा आणि पोलीस पडताळणी करून घ्या. आधीच्या दोन घरांशी स्वतः फोनवर बोला आणि "काम का सुटलं?" हे विचारा. ब्युरोकडून बदली बाई किती दिवसांत आणि किती वेळा मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते विश्रांतीवरून. रात्री तीनदा उठलेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपते, आणि तान्ह्या बाळासाठी ते खरंच धोक्याचं आहे. चोवीस तास घरात राहणारी म्हणजे चोवीस तास कामावर असणारी नव्हे. रात्री सलग आठ तास, दुपारी दोन तास आणि आठवड्याची एक सुट्टी आधीच ठरवा. रात्रीचं बाळ आई-वडिलांनी सांभाळावं. दुसरी चूक म्हणजे हळूहळू पोळ्या, भांडी, केर तिच्यावर टाकणं. मग बाळ टीव्हीसमोर बसतं आणि दोष तिला लागतो. गावी जायच्या तारखा, विशेषतः गौरी-गणपती, दिवाळी आणि मे महिना, आधी विचारा. मोठी उचल देऊ नका.

कॅमेरा लावणार असाल तर तिला सांगून, बाळ खेळतं त्या खोलीत लावा. ती झोपते तिथे नाही. औषधांचं कपाट कुलपात असू द्या. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं द्यायची नाहीत, बाळाला पाठीवरच झोपवायचं, हे तिला नीट समजावून सांगा. मधाबद्दल आजीलाही.

पाळणाघर बघताना

ठरवून एकदा जा आणि न सांगता दोनदा: दुपारी जेवणाच्या वेळी, आणि चारच्या सुमाराला, मुलं झोपून उठतात तेव्हा. खरं चित्र तेव्हा दिसतं. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे निदान एक प्रशिक्षित व्यक्ती आणि सोबत मदतनीस ही किमान पातळी समजा. तान्ह्यांसाठी एका व्यक्तीकडे तीन-चारच मुलं असावीत. लंगोट बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब आहे का, बदलल्यावर हात साबणाने धुतात का, खिडक्यांना जाळी आहे का, बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, हे बघा. घास अडकला तर काय कराल, असं थेट विचारा. वर्षाखालच्या बाळासाठी "पाठीवर पाच थापट्या, मग छातीवर पाच दाब" हे उत्तर चटकन आलं पाहिजे. मूल कोणाच्या हाती देतात, त्याची नोंदवही असते का? आजारी मुलांना घरी ठेवायचा नियम कडक असेल तर नाराज होऊ नका, त्याने तुमचंच बाळ वाचतं.

रुळण्यासाठी दोन आठवडे द्या. पहिले तीन दिवस तुम्ही तिथेच बसून एक तास, मग तुमच्याशिवाय दोन तास, मग जेवणापर्यंत, शेवटी झोपेसकट पूर्ण दिवस. हे सगळं कामावर रुजू होण्याआधी संपवा. काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर २५ अंशांपर्यंत चारच तास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डबा बर्फाच्या पिशवीतूनच पाठवा.

दोन्हींपैकी काहीही निवडलंत तरी बाई न आल्याच्या किंवा पाळणाघर बंद असलेल्या दिवशी बाळ कोण घेणार, त्या दोन माणसांशी आधी बोलून ठेवा. त्यांचे, डॉक्टरांचे आणि १०८ व ११२ हे नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा.