वेल्डर ठेवताना आधी हात बघा
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपसाठी वेल्डर हवा असेल तर आयटीआयचं सर्टिफिकेट जरूर बघा, पण निर्णय ट्रायलवरच घ्या. १० मिमीच्या दोन पट्ट्या द्या आणि एकाच बाजूने टी जॉइंट (एक पट्टी दुसरीवर उभी, इंग्रजी T सारखी) मारायला सांगा. आर्क पेटवण्याआधी तो काय करतो तिकडे लक्ष ठेवा: गंज, तेल साफ करतो का, अर्थिंगचा क्लॅम्प घट्ट बसवतो का, ७०१८ चा रॉड (ओल न चालणारा वेल्डिंग रॉड) गरम ओव्हनमधला आहे ना असं विचारतो का. विचारणारा माणूस सहसा कामाचा निघतो. मग जॉइंट व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा. वरून बीड (वेल्डची रेघ) कितीही देखणी असो, आत स्लॅग (वेल्डिंगचा मळ) अडकला असेल किंवा मुळाशी धातू एकजीव झाला नसेल तर घेऊ नका. ट्रायलचे पैसे मात्र, निवड होवो न होवो, त्याच दिवशी हातावर ठेवा.