बाळ घरी येण्याआधी कुत्र्याची तयारी

माझी मुलगी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तोवर पाळणा माळ्यावरून उतरवून धुऊन झाला होता, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली होती आणि मालिश करणाऱ्या बाईंशी बोलणेही झाले होते. आमच्या आठ वर्षांच्या बंड्याचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नव्हता. पिल्लू असल्यापासून तो मुलीच्या पलंगावर तिच्या पायांशी झोपत असे आणि तिच्या लग्नानंतर सुटलेली ती जागा त्याने आल्या रात्रीच पुन्हा मिळवली. अडीच महिन्यांनी त्याच पलंगावर तान्हे बाळ येणार होते. बाळ आले म्हणून वर्षानुवर्षांचा कुत्रा गावाला पाठवून दिल्याची उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत आणि थोडी पूर्वतयारी झाली असती तर त्यांपैकी काही कुत्री नक्की घरातच राहिली असती, असे मला मनापासून वाटते.

या तयारीचे मुख्य सूत्र असे, की कुत्र्याच्या दिनक्रमात जे काही बदलायचे असेल ते बाळ येण्याच्या किमान दोन महिने आधी बदलावे, म्हणजे तो बदल आणि बाळ यांचा संबंध त्याच्या मनात जोडला जात नाही. बाळ आल्यानंतर एका दिवसात त्याला पलंगावरून उतरवले, खोलीबाहेर काढले आणि त्याचे फिरणेही चुकू लागले, तर हे सारे त्या नव्या वासामुळे घडले एवढेच त्याला समजते.

सर्वप्रथम पशुवैद्यांकडे जावे. रेबीजची वार्षिक लस आणि लेप्टोस्पायरोसिसचा समावेश असलेली लस वेळेवर दिली आहे ना, हे नोंदवहीत पाहावे. लेप्टो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो, त्यामुळे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून फिरून येणाऱ्या कुत्र्याबाबत हलगर्जी करू नये. जंतांचे औषध साधारणपणे दर तीन महिन्यांनी देतात. गोचिडांसाठी कोणते औषध वापरायचे हे ठरवताना घरात तान्हे बाळ येणार असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कान, दात आणि सांधेही तपासून घ्यावेत, कारण कान ठणकत असताना किंवा कंबर दुखत असताना अंगावर पडलेला हात शांत कुत्र्यालाही सहन होत नाही. कुत्र्याने पूर्वी कोणाला चावा घेतला असेल किंवा लहान मुले दिसली की तो ताठरत असेल, तर घरगुती उपायांवर विसंबून राहू नये. प्राण्यांच्या वर्तनाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाचा सल्ला बाळाच्या जन्माआधीच घ्यावा.

यानंतर जागेची सवय लावावी. आम्ही जेवणाच्या टेबलाखाली एक जाड गोणपाट अंथरले आणि ‘बंड्या, जागेवर’ असे म्हणून तो तेथे जाऊन बसला की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यायला सुरुवात केली. पहिले काही दिवस तो तुकडा खाऊन लगेच पलंगाकडे धावत असे. आम्ही त्याला ओढून आणले नाही. पलंगाच्या खोलीच्या दाराला जाळीचे अर्धे फाटक बसवले आणि फाटकाच्या बाहेर त्याचे चांगले चालले आहे, याकडे लक्ष दिले. ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ या तीन आज्ञा घरातल्या सर्वांनी त्याच शब्दांत वापराव्यात. आजोबांनी ‘हट’ म्हणायचे आणि मुलाने ‘नो’ म्हणायचे, असे झाले तर कुत्रा गोंधळतो. बाळंतिणीला त्याला फिरवणे पुढे जमणार नसेल, तर ती जबाबदारी जो घेणार असेल त्याने ती आधीपासूनच घ्यावी.

बाळाचे रडणे हा कुत्र्यासाठी अगदी अनोळखी आवाज असतो. मोबाइलवर अशा रडण्याचे ध्वनिमुद्रण सहज मिळते. ते आधी इतक्या बारीक आवाजात लावावे, की कुत्रा नुसते कान टवकारेल, आणि आवाज चालू असेपर्यंत त्याला खाऊ देत राहावे. तो शांत राहू लागला की काही दिवसांच्या अंतराने आवाज वाढवावा. बंड्या पहिल्या वेळी मान एका बाजूला कलती करून उभा राहिला आणि मग मोबाइल ठेवलेल्या कपाटाखाली नाक घालून हुंगू लागला. दहा-बारा दिवसांनी मात्र रडणे सुरू झाले की तो आपण होऊन गोणपाटावर जाऊन बसत असे. खुळखुळा, पायातले वाळे आणि विशेषतः हलता पाळणा यांचीही अशीच ओळख करून द्यावी. मागेपुढे झुलणाऱ्या वस्तूवर झेपावण्याची इच्छा अनेक कुत्र्यांना आवरत नाही, म्हणून रिकामा पाळणा हलवून त्याच्यासमोर शांत बसण्याचा सराव करणे मी फार महत्त्वाचे मानतो.

आपल्याकडच्या बाळंतपणात एक धोका असा आहे, की जो बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. डिंकाच्या लाडवांत बेदाणे किंवा मनुका घालतात आणि द्राक्षवर्गातील कोणताही पदार्थ कुत्र्याच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा करू शकतो. किती खाल्ले तर चालते याची सुरक्षित मर्यादा ठरलेली नाही. लाडवांचा डबा बाळंतिणीच्या उशाशी स्टुलावर न ठेवता कपाटात ठेवावा आणि कुत्र्याने लाडू खाल्ल्याचे लक्षात आल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा. वापरलेल्या डायपरसाठी घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. त्यांच्या वासाने कुत्रे त्याकडे ओढले जातात आणि डायपर गिळले गेले तर आतला पदार्थ ओलावा शोषून फुगतो व आतडे तुंबू शकते.

रुग्णालयातून घरी येण्याचा दिवस नीट आखावा. आमच्याकडे बाळ दारात आले की भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि भुकेल्या नजरेने पाहणारा कुत्रा त्या वेळी उंबऱ्याशी असेल तर तो तुकड्यावर झेपावणार हे उघड आहे. म्हणून ओवाळणे होईपर्यंत त्याला घरातल्या एकाने लांब फिरवून आणावे. मग आईने बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन एकटीने त्याला भेटावे. सासरी असलेला कुत्रा तर तिला तीन-चार महिन्यांनी पाहत असतो. त्याची उडी, रडणे, चाटणे हे सारे बाळाविना पार पडू द्यावे. तो निवल्यावर, पट्टा सैल धरून, बाळ मांडीवर घेतलेल्या व्यक्तीपासून काही पावलांवर त्याला बसवावे आणि तो शांतपणे हुंगू लागला की हळू आवाजात शाबासकी द्यावी. त्याला जवळ ओढू नये आणि बाळाला त्याच्या तोंडाजवळही नेऊ नये. पहिली भेट दोन-तीन मिनिटांची पुरते. ज्या दिवशी पाहुण्यांची वर्दळ असेल त्या दिवशी, आणि बारशाच्या दिवशी तर नक्कीच, त्याला बंद खोलीत पाणी व चघळायला हाड देऊन शांत ठेवावे किंवा ओळखीच्या घरी पाठवावे.

पुढच्या आठवड्यांत बहुतेक घरांत एक चूक होते आणि सुरुवातीला ती आमच्याकडूनही झाली. बाळ जागे असताना कुत्र्याला बाहेर ठेवायचे आणि बाळ झोपले की बिचाऱ्याला गोंजारायचे, असे आपण सहानुभूतीने करतो. परंतु त्यातून बाळ असले की आपले सुख संपते, हाच धडा त्याला मिळतो. आमच्या पशुवैद्यांनी हे दाखवून दिल्यावर आम्ही क्रम उलटा केला. मुलगी बाळाला पाजायला बसली की मी फाटकाजवळ बसून बंड्याच्या मानेखाली खाजवत असे आणि बाळाच्या अंघोळीच्या वेळी, धुरीचा वास घरभर पसरला असताना, त्याला त्याचा आवडता तुकडा मिळे. चार-पाच दिवसांत पाळण्याकडे पाहून त्याची शेपटी हलू लागली.

तरीही बाळ आणि कुत्रा यांना एका खोलीत क्षणभरही एकटे सोडू नये, मग तो कितीही गुणी असो. कुत्रा ओठ चाटू लागला, झोप आलेली नसताना जांभया देऊ लागला, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला किंवा एकदम थिजला, तर तो अस्वस्थ आहे असे समजून दोघांत अंतर वाढवावे. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही मारू नये. मार खाऊन गुरगुरणे बंद झालेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावू शकतो. दात किंवा नख लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

कुत्र्याच्या केसांनी बाळाला दमा होईल, ही आजीची काळजी मी समजू शकतो. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदींवर आधारित आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शालेय वयातील दम्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. घरात आधीच कोणाला कुत्र्याची ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. एरवी रोज केर काढणे, कुत्र्याला नियमित विंचरणे आणि बाळाला घेण्याआधी हात धुणे एवढी दक्षता घ्यावी.

खरी कसोटी बाळ रांगू लागल्यावर, साधारणपणे सात ते दहा महिन्यांच्या सुमारास लागते, कारण तोवर एका जागी असलेले बाळ आता कुत्र्याच्या ताटलीपर्यंत आणि शेपटीपर्यंत पोहोचू लागते. त्याचे जेवण फाटकापलीकडे द्यावे आणि त्याच्या अंथरुणाकडे बाळाला जाऊ देऊ नये. झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. आम्ही नातीचा हात आपल्या हातात धरून, उघड्या तळव्याने, बंड्याच्या पाठीवरून दोनदा फिरवतो आणि थांबतो. त्याला आणखी हवे असेल तर तो जवळ सरकतो. नको असेल तर उठून टेबलाखालच्या गोणपाटावर जाऊन बसतो आणि तेथे त्याच्यामागे कोणी जात नाही.